थॅडी मल्व्हीची धून

२६ डिसेंबर १९७३

रेन पक्ष्याच्या नावाने निघणारी टोळी आली आणि फाटकावरून तशीच निघून गेली. दरवर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी तोंडाला काजळी फासून, गवताच्या टोप्या घालून दारोदार वाजवत फिरतात ती पोरं. रस्त्याच्या वळणावरच त्यांनी बासऱ्या खाली केल्या. ढोल काखेत. आमच्या कुंपणापासून ओढ्यापर्यंत चूं नाही – आणि ओढा ओलांडला की पुन्हा दणक्यात सुरू! एकाने जाता जाता टोपी काढली.

रीतच आहे. घरातलं माणूस गेलं की त्या घरात वर्षभर वाजवायचं नाही. दारातसुद्धा नाही. आईला जाऊन आज सेहेचाळीस दिवस.

बाबा खिडकीशी उभे होते. म्हणाले, "यंदा बासरीवाला चांगला आहे." त्याने एक सूर काढला नव्हता! कसं कळलं विचारलं, तर म्हणाले, "धरली कशी होती ते बघ."

३० डिसेंबर

पाऊस. गाय क्रमांक तीन लंगडतेय.

६ जानेवारी १९७४

बायकांचा नाताळ. आज बाईने कामाला हात लावायचा नाही, सगळं पुरुषांनी करायचं. बाबांनी चहा केला. रंग बघूनच नकोसा झाला, तरी मी प्यायले. पुढ्यात बसून होते, "झाला का बरा?" विचारत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा, आणि चौथा चहा असेल आयुष्यातला.

आईची खुर्ची रिकामी. आईचं तोंड कधी बंद नसायचं. बोलायची कमी, पण धुणं असो, पाव मळणं असो, तोंडाने कसली ना कसली धून चालूच – डिडल-डी-डाय, डिडल-डी-डाय. शब्द नाहीत, काही नाही. मला वीट यायचा! "आई, पुरे ना," दिवसातून दहा वेळा म्हणायचे. आता घड्याळाची टिकटिक ऐकत बसते.

१५ जानेवारी

डब्लिनहून डिव्हनीचं पत्र. धुना गोळा करणारा तो तरुण माणूस. आईचं कळलं, दुःख झालं वगैरे. आणि मग मुद्दा – आमच्या काउंटीच्या धुनांचं पुस्तक निघतंय, आणि "थॅडी मल्व्हीची धून" नसेल तर त्या पुस्तकात ड्रमकीरा नसेल. वर्ष संपलं की यायची परवानगी द्याल का?

आमच्या या ड्रमकीरा गावात आहे तरी काय! चर्च नाही, दुकान नाही. अठरा घरं, त्यातली अकरा बंद. छपरातून झाडं आलीत. पण काउंटीत कुठेही वाजवणाऱ्याला नाव सांगा – "ड्रमकीरा? म्हणजे थॅडी मल्व्हीची धून!" ज्याच्याकडून मिळाली त्याच्या नावाने धून चालते, आणि थॅडी मल्व्ही म्हणजे बाबा. दुसरी ओळख आम्हाला नाही.

आणि बाबा ती फिडलवर – व्हायोलिनच ते – आमच्या स्वयंपाकघराबाहेर कधी वाजवत नाहीत. लग्नात नाही, जत्रेत नाही. एकदा बिशपने विनंती केली होती, त्यालाही दुसरंच काहीतरी वाजवून दाखवलं. लोक म्हणतात, गर्व. बाबा म्हणतात, "ती घरची आहे." म्हणून लोक घरी यायचे. चुलीभोवती बसायला जागा नसायची. पहिला भाग सगळ्यांना येतो, शिट्टीवर म्हणतात लोक. पण दुसरा भाग – त्याला आम्ही वळण म्हणतो – ते कुणाला म्हणून सापडलं नाही. वर जाईल वाटतं तिथे खाली जातं.

डिव्हनी मागच्या ऑगस्टमध्ये आला होता, टेपरेकॉर्डर घेऊन. मी बैठकीची खोली उघडली. चांगल्या कपबशा, नवे पडदे. एवढा माणूस डब्लिनहून येणार आणि त्याला चुलीच्या राखेत बसवायचं? कुत्र्याला गोठ्यात बांधलं, कोंबड्या हाकलल्या, घड्याळाचा लंबकसुद्धा थांबवून ठेवला, टिकटिक नको म्हणून. एवढी शांतता या घरात कधी नव्हती. आणि नेमकं त्या दिवशी बाबांना जमलं नाही! सुरू केलं आणि अर्ध्यात गज खाली ठेवला. "आज हात बरोबर नाही. पुन्हा या." सप्टेंबरात आई आजारी पडली. मग कुठलं पुन्हा.

डिव्हनीला लिहिलं – अकरा नोव्हेंबरला या.

१ फेब्रुवारी

लव्हाळ्याचे क्रूस विणले. दाराला एक, गोठ्याला एक. आई विणताना पण – जाऊ दे.

१९ फेब्रुवारी

बाबांच्या छातीत कफ. डॉक्टर तोंडावर म्हणाला, "हिवाळा काढतील असं वाटतं." असं वाटतं! एप्रिलपर्यंत वाटून काय उपयोग, मला नोव्हेंबर हवा आहे.

खरं लिहिते. आज त्यांच्या छातीला तेल चोळताना मनात पहिला विचार बाबांचा नव्हता. धुनेचा होता. हा माणूस गेला तर ती गेली, आणि मग आपण कोण? अठरा पडकी घरं. लाज वाटली.

२३ फेब्रुवारी

फादर क्लॅन्सीकडे गेले. विचारलं, माणूस मरणाच्या दारात असेल तर वर्ष मोडलं चालतं का?

"रोझअ‍ॅन, हा चर्चचा नियमच नाही. तुम्हा लोकांचा आहे. मोडायचा तर लोकांना विचार."

लोकांना! म्हणजे टेसी मॅकगोल्ड्रिकला. आमच्या शेजारची, आईच्या वयाची. मागच्या आठवड्यात बातम्यांनंतर रेडिओ बंद करायला मला क्षणभर उशीर झाला, दोन ठेके वाजले असतील, तर बाई गोठ्याच्या भिंतीवरून म्हणाली, "काय गं, डेलियाचं वर्ष लवकर संपलं वाटतं?" डेलिया म्हणजे माझी आई.

तरी बाबांना विचारलंच. वाटलं होतं हो म्हणतील, जीव फिडलमध्ये असलेला माणूस. ते खोकत उठून बसले.

"वर्ष म्हणजे वर्ष."

"बाबा, तुम्हाला काही झालं तर?"

"तर झालं. वर्ष म्हणजे वर्ष, पोरी. त्यात बोलायचं नाही."

आणि चेहऱ्यावर – सुटल्यासारखं काहीतरी. आईवर एवढं प्रेम होतं, आणि आम्हाला कधी दिसलं नाही. मी उठले ती गोठ्यात जाऊन रडले.

१७ मार्च

सेंट पॅट्रिकचा दिवस. चर्चच्या मोठ्या गावात मिरवणूक, पिपाण्या, पोरींच्या वेण्यांना हिरव्या फिती. आम्ही चर्चमधल्या मिस्सेनंतर, प्रार्थना आटोपून, सरळ घरी आलो. बाबांनी कोटाला शॅमरॉकची पानं लावली होती, ती दारातच काढली. खोकला कमी आहे.

४ एप्रिल

हिवाळा काढला! डॉक्टर बरोबर निघाला मेला.

२२ मे

मेलचं पत्र, इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीहून. माझा भाऊ. बारा वर्षं झाली तिकडे इमारतींवर विटा चढवतोय. शनिवारी आपले आयरिश लोक एका हॉलमध्ये जमतात, वाजवतात. लिहितो –

"रोझी, तिथे एका पोरीने आपली धून वाजवली. जन्म इकडचाच, बोलणं इंग्रजांसारखं. पहिला भाग झकास. पण वळण! स्वतःच्या मनाने रचलेलं, गोड गुळगुळीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून म्हणालो, हे असं नाही. तर म्हणतात, मग कसं ते दाखव. आणि मला येत नाही ना! घाम फुटला. लहानपणी बाबांच्या मागे किती लागलो, हातावर दाखवा, बोटांवर दाखवा. कधी दाखवलं नाही. 'चुलीपाशी ये आणि ऐक,' एवढंच. तू तरी ऐकलंस ना नीट? बाबांकडून एकदा टेपवर घ्या. इथे मला कुणी विचारलं कुठला, तर माझ्याकडे सांगायला तेवढंच आहे."

मी तरी! मला कुणी फिडल हातात दिलं होतं? मेलला दिलं. मला बादली दिली. "रोझीला कान नाही," असं लहानपणीच ठरलं. मी होते त्याच खोलीत, बटाटे सोलत, आणि अर्धं लक्ष आईला गप्प करण्यात.

तरी आज प्रयत्न केला. मनातल्या मनात. पहिला भाग येतो. मग भिंत.

३० जून

दलदलीतून कापलेला जळणाचा टर्फ वाळला. चांगला काळा आहे. तीन खेपा घरी आणल्या. पाठ मोडली.

११ ऑगस्ट

बाबा माझ्या बुटांना खिळे मारत होते, तसेच हात थांबले आणि म्हणाले, "डेलियाला एका लग्नात पाहिलं तेव्हा ती बोलली नव्हती माझ्याशी. तिच्या माहेरी, बॉलिनामोरच्या वरच्या डोंगरात, सगळे मुकेच. पण घरात आवाज केवढा!" पुढे काही नाही. मी विचारलं, मुके आणि आवाज कसला? म्हणाले, "खिळा दे."

म्हातारे झालेत. कुठलं कुठे जोडतात.

१४ सप्टेंबर

बाबांकडे न बघितल्यासारखं करून मी बघत होते. जेवणाआधी टेबलाच्या कडेवर डाव्या हाताची बोटं चालतात. मला बोटांवरून धून कळत नाही, पण ही कळली. भरभर जातात, मग एका ठिकाणी थांबतात. हवेत. मग पुन्हा पहिल्यापासून. आज चार वेळा. दर वेळी त्याच जागी.

नियम किती पाळावा माणसाने! बोटांनीसुद्धा वळण घेत नाहीत, वर्ष संपल्याशिवाय. टेसीने बघायला हवं होतं.

९ नोव्हेंबर

उद्या वर्ष. फिडलवरचा उशीचा अभ्रा काढला, आईचाच होता. लाकडावर धूळ नाही. डिव्हनीची तार आली, परवा दुपारी दोनला पोचतो. बैठकीची खोली झाडली, शेगडी पेटवून ओल घालवली. बाबांचा सदरा इस्त्री केला. खुशीत असतील वाटलं होतं. जेवले नाहीत.

१० नोव्हेंबर

वर्षाची मिस्सा. चांगली माणसं आली. टेसी गळ्यात पडून म्हणाली, "आता वाजवू दे गं म्हाताऱ्याला. डेलियाला पोचलं सगळं." बाबा थडग्यापाशी एकटेच थांबले. ओठ हलत होते. प्रार्थना असेल.

११ नोव्हेंबर

काय लिहू.

दोनला डिव्हनी आला. टेसी आली, शाळेचे मास्तर आले, अजून चार-पाच. सगळ्यांना बैठकीत बसवलं. मशीनची चाकं फिरायला लागली. बाबांनी फिडल लावलं, हनुवटीखाली नाही, छातीवर, जुन्या पद्धतीने. डोळे मिटले.

पहिला भाग – देवा! वर्षभर उपाशी राहिलेल्या घराला घास मिळाला. पुन्हा पहिला भाग. आता वळण. बोटं तिथेच थांबली. टेबलाच्या कडेवर थांबायची, तिथेच.

परत सुरू केलं. परत तिथे. तिसऱ्यांदा.

मग डोळे उघडून म्हणाले, "दार उघड."

कुठलं दार? "स्वयंपाकघराचं." मी उघडलं. पलीकडे चूल, किटली, रिकामी खुर्ची. बाबा गज हवेत धरून तिकडे बघत राहिले. जेवायला हाक यायची वाट बघावी तसे. मशीनची चाकं तेवढी फिरत होती.

"बंद कर," म्हणाले. मला वाटलं दार. मग डिव्हनीने मशीन बंद केलं.

टेसी ॲप्रन तोंडाला लावून रडत होती. मास्तर म्हणाले, "वय आहे, वय." डिव्हनी भला माणूस. फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा म्हणाला, "बाई, मनाला लावून घेऊ नका. एक वर्ष हे या वयात फार मोठं असतं. मी फेब्रुवारीत यायला हवं होतं."

तो समजूत घालत होता. सुरी फिरवून गेला.

१२ नोव्हेंबर

बाबांनी फिडल भिंतीवर टांगलं नाही. पेटीत घालून पेटी पलंगाखाली सारली.

मी मारली ती धून. फादर म्हणाले होते, नियम चर्चचा नाही. बाबा आजारी होते, मी हट्टाने फिडल हातात दिलं असतं, टेसीला काय म्हणायचं ते म्हणू दिलं असतं! भिंतीवरून कोण काय बोलेल याला घाबरून मी एक अख्खं गाव बुडवलं.

२० नोव्हेंबर

विचारलं – "बाबा, थोडंसुद्धा आठवत नाही?"

"आठवायचा प्रश्न नाही."

"मग?"

"बटाटे करपतायत, रोझी."

२ डिसेंबर

मेलचं पत्र. बर्मिंगहॅममध्ये बॉम्ब फुटले, आयरिश लोकांनी ठेवले म्हणतात, त्यानंतरचं. तिकडे आपल्या माणसांकडे लोक रस्त्यात थुंकतायत. एकाला कामावर असताना शिडीवरून खाली ओढलं. मेल बसमध्ये तोंड उघडत नाही, बोलण्यावरून कळेल म्हणून. फिडलची पेटी कपाटात, जुन्या कोटांखाली. शनिवारचा हॉल बंद. "वर्षाचं तुमचं संपलं, इथे आमचं सुरू झालंय," लिहितो. आणि खाली – "धून टेपवर आली का?"

अजून उत्तर लिहिलं नाही. काय लिहू? की आता त्या पोरीचं गुळगुळीत वळण हेच खरं?

५ डिसेंबर

डिव्हनीचं कार्ड. गेल्या वर्षीच्या ऑगस्टची फीत सापडली. तेव्हा बाबांनीच खराब म्हटल्यामुळे डब्यावर "बिघडलेली" लिहून त्याने ठेवून दिली होती, एकदाही ऐकली नव्हती. थोडं पुढपर्यंत गेलेलं असलं तर बाबांना ऐकवून आठवेल. पंधराला मशीन घेऊन येतो म्हणतो.

बाबांना वाचून दाखवलं. पांढरेफटक पडले. "नको लावू ती," म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, एवढी एकच आशा आहे." मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. दया आल्यासारखे.

१३ डिसेंबर

या वेळी मशीन स्वयंपाकघरात मांडायचं, बाबांनी ठरवलं. मी वाद घातला नाही. पाव भाजला.

१५ डिसेंबर

फीत लावली. बाबांचं फिडल. पहिला भाग, दोनदा. आणि वळण यायच्या जरा आधी, मागून, भांड्यांच्या आवाजातून – आई! डिडल-डी-डाय. ती पुढे, फिडल तिच्या मागे. वर जाईल वाटलं तिथे ती खाली गेली, आणि फिडल तिच्या पावलावर. पाच-सहा सूर. मग एक तुसडा आवाज. ओळखायला मला वेळ लागला.

"आई, गप्प बस गं! सगळं बिघडवतेस."

दार. कडी. फिडल तीन-चार सूर एकटंच चाललं आणि थांबलं.

मला आठवतही नव्हतं.

बाबा म्हणाले, "तिचीच होती ती. तिच्या माहेरची. मी नुसता मागून जायचो. सांगायची लाज वाटली, पोरी."

डिव्हनीने फीत तीनदा मागे फिरवून लावली. तिन्ही वेळा मी दार लावलं.